प्लॅस्टिकच्या गवताखाली गांडूळ नसतं

कृत्रिम गवत विकणारा दुकानदार दोन गोष्टी हमखास सांगतो : पाणी घालावं लागत नाही आणि कापावं लागत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. गिऱ्हाईक त्यात मनातल्या मनात तिसरी गोष्ट जोडतं, की आता याचं काही करावंच लागत नाही. दुकानदार ती खोडायच्या भानगडीत पडत नाही. मग वर्ष-दीड वर्षात बाल्कनीतलं गवत चापट बसतं, पावसाळ्यात त्याला कुबट वास सुटतो आणि एके सकाळी ते गुंडाळी होऊन सोसायटीच्या कचऱ्याशेजारी उभं दिसतं.

खऱ्या हिरवळीवर पान गळलं, मुंगळा मेला, चिमणीनं घाण केली, तर खाली माती असते. गांडुळं, मुंग्या, बुरशी, जिवाणू मिळून बरंचसं पचवून टाकतात. प्लॅस्टिकच्या गवताखाली असं कोणी राहत नाही. वरून जे पडतं ते पात्यांमधून खाली उतरतं आणि तळाच्या कापडावर साचून राहतं. या गवताची निगा म्हणजे मातीनं फुकट केलं असतं ते काम आपण हातानं करणं. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात.

ही गरज नवी नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम नावाचं छतबंद स्टेडियम १९६५ साली उघडलं. छतातून येणारा उजेड खेळाडूंच्या डोळ्यांवर येतो म्हणून छताचे पारदर्शक तुकडे रंगवले, तर आतलं खरं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आणि त्यानंतर जगभर त्याचा बोलबाला झाला. गंमत अशी, की तिथले मैदान कर्मचारी अंतराळवीरांचा पोशाख घालून खेळाच्या मधल्या वेळात त्या गवतावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवत. म्हणजे प्रसिद्धी मिळाली त्या पहिल्याच वर्षी या गवताला झाडूवाला लागला होता.

आधी कोपरा उचलून बघा

साफसफाईला लागण्यापूर्वी आपल्याकडे नेमकं काय अंथरलंय ते पाहून घ्या. पाती बहुधा पॉलिथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. पॉलिथिलीनचं पातं बोटांना मऊ, किंचित मेणचट लागतं. पॉलिप्रॉपिलीनचं कडक आणि खरखरीत. बाजारात मीटरवर मिळणारी आखूड पात्यांची स्वस्त चटई बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची. ती दबली की पुन्हा उभी राहायला कुरकुर करते. नायलॉनचं पातं सगळ्यांत चिवट, पण ते घरगुती गवतात कमी दिसतं कारण महाग पडतं.

आता उलटी बाजू. तिथं काळं विणलेलं कापड असतं आणि पाती सुटू नयेत म्हणून त्यावर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप. या लेपातून पाणी जात नाही, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडलेली असतात. वरून पडलेलं सगळं पाणी फक्त या भोकांतूनच उतरतं. धूळ, केस आणि माती यांनी ती बुजली की वरून छान दिसणारं गवत खालून दिवसेंदिवस ओलं राहतं. लॅटेक्सला सततची ओल सोसत नाही. तो पिठूळ होतो, आणि मग ब्रश फिरवताना पात्यांचे झुबके हातात येतात. तुमच्या गवताची पाठ लॅटेक्सची असेल तर पाण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवा.

काही ठिकाणी पात्यांमध्ये वाळू भरलेली असते, खेळाच्या टर्फवर वाळूसोबत काळे रबरी दाणेही. घराच्या बाल्कनीत हे सहसा नसतं आणि नसलेलंच बरं.

बाल्कनी, गच्ची, अंगण

रोज काही करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा मात्र झाडायलाच हवं, आणि तेही योग्य झाडूनं. घरातला फूलझाडू इथं चालत नाही. नवा असेल तर त्याचाच भुसा पात्यांत अडकून बसतो. नारळाच्या हिरांचा खराटा उत्तम. तो पात्यांमध्ये शिरतो, केस आणि पानांचे तुकडे वर काढतो आणि पात्यांना उभंही करतो. खराटा नको असेल तर कडक नायलॉनच्या केसांचा लांब दांड्याचा ब्रश घ्या. तारेचा ब्रश कधीही नको, तो पाती चिरतो आणि चिरलेलं पातं लवकर झडतं.

झाडायची दिशा महत्त्वाची आहे. हाताचा तळवा गवतावरून फिरवला की एका बाजूला पाती लोळतात, दुसऱ्या बाजूला अडवतात. अडवतात त्या दिशेनं झाडायचं. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, झोपाळ्याखाली आणि कपडे वाळत घालायला उभं राहतो तिथं पाती आधी लोळतात, तिथं जरा जास्त हात फिरवा.

धुण्याबाबत बहुतेक घरांत एकच चूक होते. पाइप घेऊन थेट पाणी मारलं जातं. कोरडी धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो, तो भोकांवर बसतो आणि वाळला की घट्ट होतो. आधी कोरडं झाडा किंवा व्हॅक्यूम करा, मगच पाणी. व्हॅक्यूमला फिरता ब्रश असेल तर तो बंद करा किंवा काढून ठेवा. पाती त्यात गुंडाळली जातात.

धुवायला बादलीभर साध्या पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं द्रव पुरतं. रिठ्याचं गाळलेलं पाणीही छान चालतं आणि त्याचा फेस कमी असल्यानं खळखळून धुवायला सोपं जातं. साबण पूर्ण निघाला पाहिजे. राहिलेल्या साबणाचा चिकट थर पुढची धूळ दुप्पट वेगानं ओढतो आणि मग लोक म्हणतात, धुतल्यापासून जास्तच मळतंय. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पसरट फवारा लावा, नळी फूटभर लांब आणि तिरकी धरा. गरम पाणी हाताला सोसेल तेवढंच. उकळतं पाणी ओतलं की पाती कायमची वाकडी होतात.

धुणं महिन्यातून एकदा पुरे, मोठ्या रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरांना दोनदा. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात तिथं महिनाभर नुसत्या झाडण्यावर आणि ओल्या फडक्यावर भागवलं तरी गवताचं काही बिघडत नाही.

बोअरवेलचं पाणी असेल तर पात्यांवर क्षारांचा पांढुरका थर चढतो. इंटरनेटवर याला एकच उपाय सांगितलेला असतो, तो म्हणजे व्हिनेगर. उपाय चांगला आहे, पण आपल्या घरांत त्यात एक मेख आहे. गवताखाली शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आम्ल लागलं की फरशीची चकाकी जाते, डाग पडतात. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड भोकांतून खाली जाणारच. अशा फरशीवर ते गवत उचलून मोरीत नेऊन धुवा, नाहीतर साबणावरच भागवा. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, दहा मिनिटांनी ब्रश फिरवून साध्या पाण्यानं धुवा. संडास धुण्याचं ॲसिड गवताला कुठल्याही फरशीवर नको. ब्लीचिंग पावडरही नको, तिनं रंग उडतो आणि तळाचा लेप कमजोर होतो. आणि ब्लीचवर व्हिनेगर किंवा ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाल्कनीत तो जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात

आपल्याकडच्या गवताची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत तर चार महिने ते सुकतच नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ते एकदा पूर्ण उचला. खाली काय काय निघतं ते पाहून घरातली माणसं थक्क होतात. मातीचा थर खरडून काढा, फरशी घासा, सांध्यांतलं सिमेंट निघालंय का बघा आणि बाल्कनीतली पाणी जाण्याची जाळी उघडून आतला गाळ काढा. मग एक बादली पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय की मधेच थबकतंय ते बघा. थबकत असेल तर दोष गवताचा नाही, उताराचा आहे. तो गवंड्याकडून आधी नीट करून घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तडही याच वेळी दिसते. गवत अंथरलेल्या गच्चीची गळती उशिरा लक्षात येते, कारण ओल झाकलेली असते.

पुढचा निर्णय जागा बघून घ्या. बाल्कनी लहान असेल आणि पाऊस थेट आत येत असेल तर चार महिने गवत गुंडाळून ठेवणं सगळ्यांत शहाणपणाचं. ते कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, पाती आत ठेवून सैल गुंडाळी करा आणि आडवी ठेवा. घडी घालू नका; घडीची रेघ नंतर जात नाही. गवत जागेवरच ठेवायचं असेल तर त्याखाली पाणी वाहून जाण्यासाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार चटया घाला. गवत फरशीपासून बोटभर जरी वर राहिलं तरी खालून हवा फिरते, आणि वासाचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. पाणी जाण्याच्या जाळीच्या वर गवताला खिडकीसारखा चौकोन कापून ठेवा, म्हणजे दर आठवड्याला तेवढाच तुकडा उचलून जाळी साफ करता येईल.

उघडीप मिळाली की कोपरे उलटून ठेवा. गवताखालच्या खळग्यांत साचलेलं स्वच्छ पाणी डेंगी पसरवणाऱ्या डासाला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून पाण्याच्या पिंपांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळता त्यातच गवताचीही पाळी लावा.

सावलीतल्या भागात शेवाळ धरतं. ते पात्यांना खातं असं नाही, पण घसरून पडायला होतं, म्हणून घरात वयस्कर माणसं असतील तर ढिलाई नको. कडक ब्रशनं खरवडून काढा, फरशी परवानगी देत असेल तर वर सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी मारा आणि मुख्य म्हणजे तिथं ऊन किंवा वारा कसा पोचेल ते बघा. सावली तशीच राहिली तर शेवाळ पुन्हा येणारच. कडेला पिंपळाचं किंवा वडाचं रोप उगवलेलं दिसलं तर ते कोवळं असतानाच मुळासकट उपटा. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं हे बी गवतातल्या मातीवर रुजतं आणि मुळं फरशीच्या सांध्यात घालतं.

पारवे, कुत्री आणि शेजारी

मुंबई-पुण्यात बाल्कनीतल्या गवताचा सगळ्यांत मोठा शत्रू पारवा. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ नाकातोंडात वारंवार गेली तर फुप्फुसांना सूज येण्याचा आजार होऊ शकतो, काही बुरशीजन्य संसर्गही होऊ शकतात. म्हणून ती कोरडी झाडू नका आणि घरातल्या साध्या व्हॅक्यूमनंही ओढू नका, धूळ हवेत उडते. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाचं पाणी शिंपडून डाग पाच-दहा मिनिटं मऊ होऊ द्या, जुन्या पत्त्यानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचलून पिशवीत भरा, मग ती जागा धुवा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. खरा उपाय जाळी लावण्याचा आहे. जाळी नसलेल्या बाल्कनीत गवत घालणं म्हणजे पारव्यांना गादी अंथरून देणं.

कुत्रं पाळलेल्या घरात घन घाण लगेच उचलली जाते, प्रश्न लघवीचा. ती भोकांतून खाली जाते, तळाशी वाळते आणि त्यातून अमोनियाचा उग्र वास येतो. त्याच दिवशी तांब्याभर पाणी ओतणं हा निम्मा इलाज. उरलेल्या वासासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा, ते वास झाकत नाही, वासाचं मूळ असलेले घटक तोडतं. बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या, घाईनं धुऊ नका. फिनाईल ओतलं की दोन वास एकत्र येतात, एवढंच होतं. आणि तुमच्या बाल्कनीचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकत असेल तर हे सगळं करण्याआधी ती गळती बुजवा. अशा ठिबकण्यावरून सोसायटीच्या सभेत झालेली भांडणं वर्षानुवर्षं टिकतात.

ऊन, काच आणि ठिणगी

भर दुपारी प्लॅस्टिकचं गवत खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते दुपारी चार लहान मुलाला त्यावर अनवाणी सोडू नका, कुत्र्यालाही नाही. तळहाताची मागची बाजू गवतावर पाच सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर पायही टेकू नये. पाणी मारलं की थंड होतं, पण थोडाच वेळ. खऱ्या गवतासारखं ते आतून पाणी बाहेर सोडत नाही. हिरवी शेडनेट लावली तर गवत कमी तापतं आणि त्याचा रंगही जास्त टिकतो.

काही वेळा गवतावर एखादा पट्टा वितळल्यासारखा, आक्रसलेला दिसतो आणि कारण कळत नाही. समोरच्या इमारतीच्या किंवा आपल्याच खिडकीच्या काचेकडे बघा. उष्णता परतवणाऱ्या काचांवरून उसळलेलं ऊन एका ठिकाणी एकवटलं तर पॉलिथिलीन मऊ पडतं. तो पट्टा बरा होत नाही. काचेबाहेर जाळी किंवा पडदा लावला तर पुढचं नुकसान थांबतं.

ठिणगीचंही तेच. फुलबाजीची एक काडी, डास पळवणारी कॉइल, उदबत्तीची राख, सिगारेटचं थोटूक, शेगडीतला निखारा, यांतल्या कशानंही भोक पडतं, आणि हे प्लॅस्टिक आहे, पेटूही शकतं. दिवाळीत पणत्या गवतावर ठेवू नका. ताटात ठेवल्या तरी तेल सांडतं. मुलं फटाके उडवणार असतील त्या चार दिवसांत गवत गुंडाळून आत घ्या. भोक पडलंच तर तेवढा चौकोन कापून काढा आणि त्याच मापाचा नवा तुकडा खालून चिकटपट्टी लावून बसवा, मात्र पात्यांची दिशा जुळली पाहिजे, नाहीतर ठिगळ लांबूनही ओळखू येतं. यासाठीच गवत बसवताना उरलेला तुकडा कारागिराला नेऊ देऊ नका.

डागांबद्दल थोडक्यात. आमटी किंवा लोणच्याचं तेल सांडलं तर आधी टिश्यूनं टिपा, चोळू नका, मग भांड्यांचं द्रव लावा. हळदीचा पिवळा उरला तर काळजी करू नका, उन्हात तो आपोआप फिका होतो. च्युइंगमवर आणि मेणावर बर्फ धरा, कडक झालं की खुडून काढा. ऑइलपेंटचा थेंब स्पिरिट लावलेल्या फडक्यानं टिपता येतो; थेट ओतलं तर ते खालचा लेप विरघळवतं. जांभळं, पान आणि होळीचा रंग यांना एकच औषध आहे, ते म्हणजे वाळायच्या आत गार पाणी.

घरातलं गवत

दिवाणखान्याचा कोपरा, मुलांची खोली, दुकानाची दर्शनी खिडकी, जिममधला धावपट्टा, बालवाडी, सगळीकडे आता हे गवत दिसतं. बाहेरच्या गवताला निदान पाऊस आणि ऊन मिळतं. आतल्या गवताला यांतलं काहीच नाही, म्हणून ते दिसायला स्वच्छ पण असायला जास्त मळकं असतं. त्यात धूळ, केस, त्वचेचे कण आणि खाण्याचा चुरा साचतो. त्यावर धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, मुंग्या येतात आणि झुरळंही. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर माझा सरळ सल्ला आहे, आत गवत घालू नका. हौस बाल्कनीत भागवा.

असेलच तर आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम, दोन्ही दिशांनी. ओला पोछा गवतावर अजिबात नको. मॉपमधलं पाणी खाली जातं, आणि खिडकी बंद असलेल्या खोलीत ते दोन दिवस वाळत नाही. मग बुरशीचा तो वास, जो घरच्यांना सवयीनं येत नाही आणि पाहुण्यांना दारातच येतो. घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्यानं पुसा आणि नंतर तासभर पंखा फुल ठेवा. वाफेच्या क्लीनरपासून गवत लांब ठेवा.

आतलं गवत पूर्ण डिंकानं चिकटवू नका. कडेनं दुहेरी चिकटपट्टी पुरते, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी उचलून खालून साफ करता येतं. लाकडी किंवा लॅमिनेट फरशीवर तर कधीच थेट टाकू नका. काही गवतांची पाठ फरशीला डाग पाडते आणि अडकलेल्या ओलीनं लाकूड फुगतं. ज्या भिंतीला ओल येते तिथं शोभेची हिरवी भिंत बसवली तर ओल झाकली जाते, थांबत नाही. देवघराजवळ, समई-धूप-कापराजवळ आणि जमिनीलगतच्या इलेक्ट्रिक सॉकेटजवळ गवत नको.

सोफ्याच्या पायांनी पडलेले खळगे घालवायला कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं थोडा वेळ त्यावर ठेवा, मग उलट दिशेनं बोटांनी पाती उभी करा. हेअर ड्रायर वापरणारेही आहेत. तो लांबून आणि कमी उष्णतेवर ठेवा. हिवाळ्यात कोरड्या हवेत गवतावर चालून कुलपाला हात लावला की स्थिर विजेचा झटका बसतो. कपड्यांचं सॉफ्टनर भरपूर पाण्यात मिसळून हलकं शिंपडलं की काही दिवस आराम पडतो.

बालवाडी आणि जिम यांना घरचं वेळापत्रक पुरत नाही. तिथं रोज व्हॅक्यूम आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसणं हवं. मुलं खेळणी गवतावर टाकून पुन्हा तोंडात घालतात, तेव्हा वासाची जंतुनाशकं शिंपडण्यापेक्षा साबण आणि उघडी खिडकी जास्त कामाची.

टर्फ चालवणाऱ्यांसाठी

बॉक्स क्रिकेटची टर्फ आता तालुक्याच्या गावीही आहेत. रात्री बारापर्यंत तासाच्या हिशेबानं बुकिंग, शनिवार-रविवारी तर श्वास घ्यायला उसंत नाही. अशा ठिकाणी गवत झिजतं ते सगळीकडे सारखं नाही. बॅट्समन उभा राहतो ती जागा, बोलरचा पाय पडतो ती जागा, फुटबॉल होत असेल तर गोलपोस्टसमोरचा भाग, इथले रबरी दाणे आणि वाळू बाजूला उडतात, पाती उघडी पडतात आणि बुटाखाली मोडतात. पातं टिकतं ते आजूबाजूच्या भरावाच्या आधारानं. म्हणून दर आठवड्याला पूर्ण टर्फवर ओढायचा ब्रश फिरवा, आणि या मोजक्या जागांवर रोज रात्री शेवटच्या मॅचनंतर हातब्रशनं दाणे परत ओढून घ्या. कमी पडले तर त्याच प्रकारचे दाणे कोरड्या दिवशी थोडे थोडे टाका आणि ब्रशनं मुरवा. नदीची किंवा बांधकामाची वाळू भरू नका. तिच्यातली माती पाण्याचा निचरा बंद करते. गोल दाण्यांची धुतलेली सिलिका वाळूच हवी.

बाहेरची माती आत येऊ न देणं हे साफसफाईहून स्वस्त पडतं. फाटकापासून टर्फपर्यंतची वाट मुरुमाची असेल तर निदान शेवटचे काही फूट पेव्हर ब्लॉक टाका आणि दारात काथ्याची मोठी पायपुसणी ठेवा. काळ्या मातीचा प्लॉट शेजारी असेल तर कडेनं विटांचा कठडा घाला, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात चिखल आत वाहून येतो आणि काळी माती दाण्यांत एकदा बसली की ती काढायला यंत्रवाल्यालाच बोलवावं लागतं. गुटखा, शेंगा आणि च्युइंगम यांना दारातच बंदी. लोखंडी खिळ्यांच्या बुटांनाही.

जोड उसवलेला दिसला तर त्याच दिवशी बुकिंग थांबवून चिकटवा. धावत्या माणसाचा पाय त्यात अडकला तर गुडघा जातो. मांडी-कोपर खरचटणं इथं नित्याचं, म्हणून साबण आणि स्वच्छ पाण्याचा नळ मैदानालगत असावाच. जखम धुतल्याशिवाय पट्टी लावू नये.

रबरी दाण्यांचा आणखी एक पैलू आहे. खेळाडूंच्या बुटांतून, मोज्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून ते गटारात जातात आणि तिथून नदीत. युरोपीय संघानं २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, त्यात खेळाच्या मैदानांत भरायच्या अशा दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर, म्हणजे २०३१ पासून बंदी आहे. आपल्याकडे असा नियम येईपर्यंत थांबायची गरज नाही. बाहेर पडायच्या दारात बूट आपटायला लोखंडी जाळीचा चौथरा करा, आणि पावसाच्या पन्हाळीच्या तोंडाशी बारीक जाळी लावून त्यात अडकलेले दाणे परत टर्फवर टाका. दाणे विकत घ्यावे लागतात, तेव्हा यात पैसेही वाचतात.

काढून कधी टाकायचं

एक पातं काळ्या कापडात धरून जोरानं चोळा. हिरवी भुकटी लागली तर उन्हानं त्याचं काम संपवलंय. आता तुम्ही जितकं घासाल तितका त्याचा चुरा होऊन मोरीतून वाहून जाईल, तेव्हा धुणं थांबवा आणि ते काढून टाका. भुकटी नसेल आणि फक्त मधला वाटेचा पट्टा चापट झाला असेल तर चांगले काठ कापून घ्या. त्यांची दारातली पायपुसणी होतात, पार्किंगमध्ये स्कूटरच्या स्टँडखाली टाकता येतात, कुत्र्याच्या खोपटात अंथरता येतात.

उरलेलं जाळू नका. पाती, कापड आणि लेप वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असल्यानं भंगारवाला ते सहसा घेत नाही, त्यामुळे मोह होतो. पण त्याचा धूर विषारी असतो. कात्रीनं किंवा कटरनं, तेही उलट्या बाजूनं म्हणजे पाती कापली जात नाहीत, हात-दीड हात रुंदीचे पट्टे करा, झटकून माती काढा, सुतळीनं बांधा आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. टर्फ मोठी असेल तर नवी बसवणाऱ्या ठेकेदाराकडूनच जुनी कुठे नेणार ते दर ठरवतानाच लिहून घ्या.